नव्या गाडीचे पहिले हजार किलोमीटर: काटा चाळीसवर ठेवावा की घाटात पिळावी?

वाचकाचे पत्र:

"मी खानापूर तालुक्यातील एका खेड्यात राहतो आणि बेळगावला उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये कामाला आहे. दसऱ्याला १२५ सीसीची नवी मोटारसायकल घेतली. रोज जाऊन-येऊन साठ किलोमीटर होतात. आमच्या थोरल्या काकांनी वीस वर्षे येझदी चालवली आहे. ते सांगतात, पहिले हजार किलोमीटर काटा चाळीसच्या वर जाऊ द्यायचा नाही आणि पेट्रोलमध्ये थोडे टूटी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचे ऑइल) घालत राहायचे. कारखान्यातला मित्र म्हणतो, 'नवीन आहे तोवरच चोर्ला घाटात नेऊन चांगली पिळून काढ की गा, नाहीतर गाडी जन्मभर मठ्ठ राहते.' त्याने मला मोबाइलवर तसा व्हिडिओही दाखवला. शोरूममध्ये विचारले तर 'नेहमीसारखी चालवा, काही होत नाही' एवढेच उत्तर मिळाले. गाडीसोबतची पुस्तिका कन्नड आणि इंग्रजीत आहे, म्हणून मी ती वाचलेली नाही. एव्हरेज सांगितल्यापेक्षा बरेच कमी पडते. आईची इच्छा आहे की नव्या गाडीवरून तिला सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला न्यावे. मी कोणाचे ऐकावे?"

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुम्हाला तीन माणसांनी तीन सल्ले दिले आहेत आणि त्यांपैकी कोणाचाही हेतू वाईट नाही. काकांचे सांगणे त्यांच्या काळच्या गाडीला लागू पडत होते. मित्राच्या सांगण्यात एक खरी गोष्ट आहे, पण ती अर्धीच आहे. शोरूममधल्या मुलाने मात्र उत्तर देण्याचे टाळले आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना गोंधळ होणार नाही: नव्या इंजिनाचे नुकसान स्पीडोमीटरच्या काट्यावरून ठरत नाही, ते इंजिनावर किती ओझे पडते आणि ते किती वेळ तापत राहते यावरून ठरते. चाळीसच्या आत राहूनही इंजिन बिघडवता येते आणि पंचावन्नने जाऊनही ते उत्तम बसवता येते.

तुम्ही मशीन शॉपमध्ये काम करता, त्यामुळे यामागचे कारण तुम्हाला चटकन पटेल. होनिंग केलेला बोअर, म्हणजे आतून बारीक घासलेली सिलिंडरची पोकळी, उजेडाकडे धरून तुम्ही पाहिला असेल. त्याची आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत नसते, तिच्यावर एकमेकींना तिरप्या छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी असते आणि नख फिरवले तर ती जेमतेम जाणवते. ही जाळी मुद्दाम ठेवलेली असते. खाचांमध्ये ऑइल धरून राहते आणि दोन खाचांच्या मधले सूक्ष्म उंचवटे पिस्टनच्या रिंगा सुरुवातीच्या काही तासांत घासून सपाट करतात. रिंगही नवीच असते, तिची कड अजून त्या विशिष्ट सिलिंडरच्या गोलाईची झालेली नसते. दोन्ही एकमेकांना घासत एकमेकांच्या मापाचे होतात, यालाच आपल्याकडचे मेस्त्री रिंग बसणे किंवा इंजिन फ्री होणे असे म्हणतात. ही संधी एकदाच मिळते, कारण उंचवटे सपाट झाल्यानंतर घासायला काही उरत नाही.

आता रिंग भिंतीवर दाबली जाते कशाने, हे पाहू. तिच्या स्वतःच्या ताणाने ती थोडीफार दाबलेली असते, पण खरा दाब येतो तो जळणाऱ्या वायूचा. सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटले की तो वायू पिस्टनच्या खाचेतून रिंगेच्या मागे शिरतो आणि तिला बाहेर भिंतीकडे रेटतो. ॲक्सिलरेटर कायम जेमतेमच उघडा ठेवला, तर हा दाब अपुरा राहतो, रिंग भिंतीवरून नुसती सरकत राहते आणि तिथला ऑइलचा थर हळूहळू भाजून रोगणासारखा चकचकीत लेप तयार होतो. खाचा त्या लेपाने भरल्या की रिंग पुढे कितीही चालवली तरी नीट बसत नाही, मग गाडी ऑइल खाते आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येऊ लागतो. तुमच्या मित्राच्या बोलण्यातला खरा भाग एवढाच आहे: रिंगेला दाब हवा असतो आणि अति जपून चालवलेल्या गाडीला तो मिळत नाही.

त्याच्या बोलण्यात जे राहून गेले, ते मी स्वतः पैसे मोजून शिकलो आहे. विशीत असताना मी एक जुनी टू-स्ट्रोक गाडी घेतली होती. बोअर झिजलेला होता, म्हणून ब्लॉक बोअरिंगला देऊन एक साइज मोठा पिस्टन बसवला. मेस्त्रीने गाडी हातात देताना बजावले होते की पाचशे किलोमीटर होईपर्यंत डबलसीट लांब जायचे नाही. चौथ्याच दिवशी मी मित्राला मागे बसवून सावंतवाडीला गेलो. जाताना घाट उतरायचा असल्याने काही जाणवले नाही. परतताना दाणोली सोडल्यावर आंबोलीचा चढ लागला आणि मी दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून गाडी वर रेटत राहिलो. अर्ध्या घाटात आवाज जड झाला, मग मागून कोणी धरून ठेवल्यासारखी गाडी ओढू लागली, तापलेल्या लोखंडाचा वास आला आणि मागचे चाक जागच्या जागी अडकले. क्लच वेळेवर दाबला गेला म्हणून आम्ही दोघे पडलो नाही. अर्ध्या तासाने किक मोकळी झाली, पण नंतर ब्लॉक उघडला तेव्हा पिस्टनच्या सायलेन्सरकडच्या बाजूवर उभे ओरखडे होते आणि पिस्टनचे ॲल्युमिनियम सिलिंडरच्या भिंतीला चोपडल्यासारखे चिकटले होते. त्या चढावर माझा वेग पंचवीस-तीसच्या वर गेलेला नव्हता. काकांचा चाळीसचा नियम मोडला गेला नव्हता, तरीही इंजिन जाम झाले, कारण दोन माणसांचे ओझे, सलग चढ, पूर्ण उघडा ॲक्सिलरेटर आणि थंड करायला न मिळणारा वारा, हे सारे न बसलेल्या रिंगांवर एकदम आले होते.

तुमची गाडी फोर-स्ट्रोक आहे, आजच्या मशीनवर घडलेली आहे आणि तिची मापे माझ्या त्या बोअरिंग केलेल्या ब्लॉकपेक्षा कितीतरी नेमकी आहेत. तेव्हा ती अशी सहजासहजी जाम होईल असे मी म्हणत नाही. पण उष्णतेचा नियम तोच राहतो. शिवाय नवीन असतात त्या नुसत्या रिंगा नव्हेत. कॅम, टॅपेट, गिअरचे दात, क्लचच्या प्लेट, बेअरिंग हे सगळे अजून एकमेकांना अनोळखी असतात आणि त्यांना दाबाची नव्हे, सवडीची गरज असते. शर्यतीच्या गाड्यांची इंजिने सुरुवातीलाच जोरात चालवतात हे खरे आहे, पण ती इंजिने थोड्याच तासांनी पुन्हा उघडून तपासली जातात. तुम्हाला हे इंजिन न उघडता दहा-बारा वर्षे वापरायचे आहे.

मग चालवायचे कसे, ते सांगतो. सकाळी गाडी सुरू केल्यावर अर्धा-एक मिनिट आहे तशी चालू राहू द्या. रेस करून गरम करायला जाऊ नका, कारण ऑइल अजून वरपर्यंत नीट पोहोचलेले नसते. पहिले दोन-तीन किलोमीटर, म्हणजे तुमच्या गावातून मुख्य रस्त्याला लागेपर्यंत, शांतपणे चला. इंजिन तापले की मग त्याला थोडे काम द्या. तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये तिशीपासून पन्नाशीपर्यंत वेग वाढवा, ॲक्सिलरेटर साधारण तिसरा हिस्सा ते अर्धा उघडून, झटका न देता. पन्नाशीला पोहोचल्यावर हात सोडा आणि क्लच न दाबता गाडीला त्याच गिअरमध्ये हळू होऊ द्या. वेग वाढवताना रिंगा भिंतीवर दाबल्या जातात. हात सोडल्यावर सिलिंडरमध्ये ओढ निर्माण होते, भिंतीवर ताजे ऑइल चढते आणि घासून निघालेली बारीक भुकटी धुतली जाते. एका फेरीत असे आठ-दहा वेळा केले तरी पुरे आहे. मात्र हात सोडण्यापूर्वी आरशात पाहा, कारण ब्रेक न दाबल्याने तुमचा मागचा दिवा लागत नाही आणि मागच्याला तुम्ही हळू होत आहात हे कळत नाही.

पाचशे किलोमीटर होईपर्यंत ॲक्सिलरेटर अर्ध्याच्या पुढे सहसा नेऊ नये आणि पुढच्या पाचशेमध्ये तो थोडा थोडा जास्त, पण थोड्याच वेळासाठी उघडावा. तुमच्या रोजच्या साठ किलोमीटरच्या हिशेबाने पहिले पाचशे नऊ दिवसांत आणि हजार सतरा दिवसांत होतील. म्हणजे तीन आठवड्यांपेक्षा कमी काळ संयम ठेवायचा आहे.

यापेक्षाही महत्त्वाची एक गोष्ट आहे, जिच्याकडे आपल्याकडे कोणी लक्ष देत नाही. हळू जायचे म्हणून पुष्कळ लोक वरच्या गिअरमध्ये अगदी कमी वेगाने गाडी ढकलत नेतात. पाचव्या गिअरमध्ये तिशीने जाताना छोटा चढ आला, की गाडी थरथरते, आतून दबका ठोकल्यासारखा आवाज येतो, आणि चालवणारा ॲक्सिलरेटर आणखी पिळतो. इंजिनाचे फेरे कमी आणि ओझे जास्त, ही स्थिती नव्या बेअरिंगला आणि पिस्टनला मोकळ्या रस्त्यावर साठने जाण्यापेक्षा अधिक जड जाते. काकांच्या नियमाचा खरा धोका इथे आहे, की माणूस काट्याकडे पाहत राहतो आणि इंजिनाचे ऐकत नाही. थरथर जाणवली की लगेच एक गिअर खाली घ्या. इंजिनाचा आवाज मोकळा आणि एकसारखा असला पाहिजे, तो रडका नको आणि किंचाळणाराही नको.

तुमच्या रस्त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. खानापूर-बेळगाव रस्ता पूर्वी अरुंद आणि वळणावळणाचा होता, तेव्हा वेग आपोआपच कमीजास्त होत असे आणि नवी गाडी त्या रस्त्यावर न सांगता बसत असे. आता तो रुंद झाला आहे. गणेबैलचा टोल नाका ओलांडल्यावर मच्छेपर्यंत माणूस एकाच गिअरमध्ये, एकाच वेगाने, हात न हलवता जाऊ शकतो. नव्या इंजिनाला हीच गोष्ट सोसत नाही. फेरे आणि ओझे तेच राहिले की रिंगेवरचा दाबही बदलत नाही आणि ती नीट बसत नाही. म्हणून त्या पट्ट्यात जाणूनबुजून वेग बदलत राहा. थोडा वेळ चाळीस, मग बावन्न, मग पुन्हा पंचेचाळीस, असे करताना डावीकडची बाजू धरून चला. वेळ असेल तर आठवड्यातून एक-दोनदा आतल्या गावांमधून जाणारा रस्ता घ्या. पाच-दहा मिनिटे जास्त लागतील, पण तिथले चढ-उतार, वळणे आणि गतिरोधक हे काम तुमच्याऐवजी करतील.

उसाचा हंगाम आता सुरू होईल. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढे असेल आणि अंधारात त्याला मागचा दिवाही नसेल. त्याला ओलांडताना इंजिन कच्चे आहे याचा विचार मनात आणू नका. समोरून रस्ता पूर्ण मोकळा दिसत असेल तर एक गिअर खाली घ्या, लागेल तेवढा ॲक्सिलरेटर उघडा आणि पटकन पुढे व्हा. दहा सेकंदांच्या पूर्ण पिळण्याने इंजिनाचे काही वाईट होत नाही. उलट इंजिन जपण्यासाठी ट्रॉलीशेजारी रेंगाळणे जिवावर बेतू शकते.

बाजारात जाताना टिळकवाडीच्या रेल्वे गेटला थांबावे लागले, तर गाडी बंद करा. तुमचे इंजिन वाऱ्याने थंड होते आणि उभ्या गाडीला वारा मिळत नाही. गेट पडल्यावर पाच-सात मिनिटे गाडी चालू ठेवून मधूनमधून रेस करणारे लोक मी रोज पाहतो, आणि त्यात एखादी नंबरप्लेटला हार घातलेली नवी गाडी दिसली की वाईट वाटते.

आता ऑइल. नव्या गाडीच्या बाबतीत कोणी मला एकच गोष्ट सांगायला सांगितली, तर मी पहिल्या ऑइल बदलीची गोष्ट सांगेन. तुमच्या गाडीत इंजिन, क्लच आणि गिअर या तिघांना मिळून एकच ऑइल असते, आणि ते या आकाराच्या बहुतेक गाड्यांमध्ये लिटरभराच्या आसपासच असते. सुरुवातीच्या घासण्यातून निघालेली धातूची सगळी भुकटी त्या लिटरभर ऑइलमध्ये फिरत राहते. पहिल्या सर्व्हिसला बोल्ट काढून ऑइल खाली सोडतील, तेव्हा तिथे उभे राहा, त्याचा एक थेंब बोटाच्या पेरावर घ्या आणि उन्हात धरून बोट तिरपे करा. राखाडी ऑइलमध्ये चांदीच्या वर्खासारखे बारीक कण चमकताना दिसतील. ते दिसल्यावर घाबरू नका, ते तिथे असायलाच हवेत. पण ते पुढचे दोन हजार किलोमीटर बेअरिंगमधून फिरता कामा नयेत. नखाने उचलता येतील असे तुकडे दिसले, तर मात्र सर्व्हिस सेंटरच्या प्रमुखाला तिथल्या तिथे दाखवा आणि जॉब कार्डवर लिहून घ्या.

समोर उभे राहण्याचा आग्रह मी का धरतो, तेही सांगतो. माझ्या दुसऱ्या गाडीच्या पहिल्या सर्व्हिसला एका ठिकाणी बिलात ऑइलचे पैसे लावले, गाडी धुऊन पुसून लखलखीत करून दिली, आणि घरी येऊन मी ऑइलची कांडी पुसून पाहिली तर त्यावर तेच जुने राखाडी ऑइल होते. मी परत गेलो, तेव्हा 'राहून गेले' असे सांगून त्यांनी बदलून दिले. त्या दिवसापासून मी ऑइल बाहेर पडताना पाहिल्याशिवाय पैसे दिलेले नाहीत. पहिली सर्व्हिस मोफत असते ती मजुरीपुरती, ऑइलचे पैसे सहसा आपल्यालाच द्यावे लागतात, आणि दिलेल्या पैशांचे ऑइल इंजिनात गेले की नाही हे पाहण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. ज्यांनी गाडी चंदगड किंवा गडहिंग्लजकडून घेतली आहे त्यांनाही सांगतो, की त्याच कंपनीच्या कोणत्याही अधिकृत सेंटरमध्ये ही सर्व्हिस सर्वसाधारणपणे होते. तेवढ्यासाठी ती लांबणीवर टाकू नये.

ऑइल कोणते घालायचे हे पुस्तिकेत लिहिलेले असते, त्याच ग्रेडचे घाला. डब्यावर जासो एमए किंवा त्याच मालिकेतील एमए-टू अशी खूण असावी. घरात चारचाकीचे चांगले, महागडे ऑइल उरले आहे म्हणून ते मोटारसायकलमध्ये कधीही घालू नका. चारचाकीच्या अनेक ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात, आणि तुमचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असल्याने तो घसरू लागतो. डिझेल किंवा रॉकेल घालून इंजिन 'धुऊन' घेण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका.

काकांच्या टूटी ऑइलबद्दल मी आदराने, पण स्पष्ट लिहितो. येझदी आपल्याच राज्यात, म्हैसूरला बनत असे. तिथल्या आयडियल जावाच्या कारखान्यातून १९६१ ते १९९६ या काळात आधी जावा आणि पुढे येझदी गाड्या बाहेर पडल्या, आणि आपल्या भागातल्या अनेक घरांतील एक पिढी त्यांच्यावरच गाडी चालवायला शिकली. ती टू-स्ट्रोक गाडी होती. तिच्या पिस्टनला आणि बेअरिंगला मिळणारे ऑइल पेट्रोलमधूनच येत असे, म्हणून नव्या गाडीत ते प्रमाण वाढवणे शहाणपणाचे होते. तिचा पिस्टन आणि सिलिंडर यांमधली फट आजच्या इतकी नेमकी नसे, त्यामुळे जाम होण्याची भीतीही खरी होती. काकांनी ती गाडी वीस वर्षे टिकवली, यावरून त्यांना यंत्राची जाण आहे हे दिसतेच. परंतु तुमच्या फोर-स्ट्रोकला ऑइल खालच्या टाकीतून पंपाने मिळते, पेट्रोलमधल्या ऑइलचा तिला काही उपयोग नाही. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सिक्स या प्रदूषण-मानकाच्या बहुतेक गाड्यांमध्ये सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. जळालेल्या टूटी ऑइलची काजळी त्या दोन्हींवर बसते. तेव्हा एक थेंबही घालू नका. काकांना हे समजावताना शक्य झाल्यास त्यांना पहिल्या सर्व्हिसला सोबत न्या आणि ऑइल खाली सोडताना दाखवा. जुन्या गाडीवाल्या माणसाला ते पाहायला आवडेल.

पुस्तिका कपाटात राहू देऊ नका. तुमच्या घरातल्या शाळकरी मुलांना कन्नड नक्की वाचता येत असेल. त्यांना सोबत घेऊन नव्या गाडीच्या सुरुवातीच्या वापराचे पान आणि सर्व्हिसचा तक्ता, एवढी दोनच पाने वाचून घ्या आणि त्यातले आकडे वहीत मराठीत उतरवून ठेवा. पहिली सर्व्हिस अनेक गाड्यांना ५०० ते १००० किलोमीटरच्या दरम्यान सांगितलेली असते आणि सोबत दिवसांची मर्यादाही असते. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा त्या पानावरच मिळेल. मी दिलेल्या आकड्यांत आणि पुस्तिकेत फरक आढळला तर पुस्तिकेचे माना, कारण वॉरंटीचा प्रश्न आला तर कंपनी तीच पुढे करील.

टायर आणि ब्रेकही नवे आहेत. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, म्हणून पहिले दीडशे किलोमीटर वळणावर गाडी फार कलवू नका, विशेषतः ओल्या रस्त्यावर. ब्रेक बसवण्यासाठी मोकळ्या जागी चाळिसावरून दहापर्यंत आठ-दहा वेळा मध्यम जोराने ब्रेक लावा आणि दर वेळी मधे थोडे अंतर जाऊ द्या. चेन सुरुवातीच्या पाचशे किलोमीटरमध्ये सर्वांत जास्त सैल होते, तेव्हा आठवड्यातून एकदा तिचा खालचा भाग बोटाने वर उचलून पाहा. तुमच्या भागातली तांबडी माती चेनवर बसली की ग्रीसमध्ये कालवली जाते आणि पॉलिश पेपरसारखी घासते, म्हणून आधी कापडाने पुसून मगच चेनला ऑइल द्या.

एव्हरेजची काळजी आत्ता करू नका. रिंगा पूर्ण बसलेल्या नसताना दाबाचा काही भाग निसटतो, सगळे भाग घट्ट असल्याने घर्षण जास्त असते, आणि वेग सतत बदलल्यामुळेही पेट्रोल थोडे जास्त लागते. शोरूममध्ये सांगितलेला आकडा ठराविक परिस्थितीत घेतलेल्या चाचणीचा असतो. दोन हजार किलोमीटर झाल्यावर टाकी काठोकाठ भरा, तीन-चारशे किलोमीटर चालवून पुन्हा त्याच पंपावर काठोकाठ भरा आणि किती लिटर बसले त्यावरून हिशेब करा. तो आकडा तुमचा खरा आकडा. तेव्हाही तो फारच कमी आला, ऑइलची पातळी उतरत असली किंवा सकाळी सुरू करताना निळा धूर दिसत असला, तर वॉरंटीत असतानाच लेखी तक्रार द्या.

मित्रासोबत चोर्ल्याला जायची हौस असेल तर हजार किलोमीटर झाल्यावर अवश्य जा. जांबोटी-कणकुंबीमार्गे जाताना घाट उतरायचा असतो, त्यामुळे इंजिनाची खरी परीक्षा परतताना केरीकडून वर चढताना होते. त्या चढावर वरच्या गिअरमध्ये रेटत बसू नका आणि मधे एकदा सावलीला थांबून गाडी बंद ठेवा.

राहिला आईच्या दर्शनाचा प्रश्न. तुमच्या गावाहून सौंदत्ती जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरच्या आसपास होईल, आणि तेही डबलसीट. माझी विनंती आहे की पहिली सर्व्हिस होऊन ऑइल बदलले गेल्यावर जा. तुमच्या हिशेबाने ते दोन-तीन आठवड्यांतच होईल, आणि तेवढे आईंना समजावता येईल. मंगळवार, शुक्रवार किंवा पौर्णिमा टाळता आली तर पाहा, कारण त्या दिवशी डोंगराच्या रस्त्यावर गर्दी असते आणि अर्ध्या क्लचवर इंच-इंच सरकताना क्लचही तापतो आणि इंजिनही. आईंनी पौर्णिमाच धरली असेल, तर पहाटे निघा, म्हणजे गर्दी वाढण्याआधी वर पोहोचाल. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी गाडी मधल्या स्टँडवर उभी करून ऑइलची पातळी आणि चेन पाहा, टायरमध्ये डबलसीटसाठी पुस्तिकेत दिलेली हवा भरा आणि साडी गार्ड घट्ट आहे ना हे हाताने हलवून पाहा. दर तासाभराने दहा मिनिटे थांबा. बैलहोंगलला चहा घेतलात तर आईंच्या पाठीलाही आराम मिळेल आणि इंजिनही निवेल. दर्शन करून डोंगर उतरताना गाडी न्यूट्रल किंवा बंद करून सोडू नका, दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा आणि ब्रेक थोडा थोडा लावत खाली या.